खुलासा : फर्ग्युसन ‘न खेळलेले’ प्रशिक्षक नव्हते

‘फुटबॉल प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन कधी मोठ्या पातळीवर खेळलेच नाहीत आणि मँचेस्टर युनायटेडला येईपर्यंत त्यांनी काहीही जिंकलं नव्हतं,’ असा एक मजकूर फिरतोय. यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत.

ग्लासगोच्या गोव्हन भागातला हा पोरगा आघाडीच्या फळीत खेळणारा स्ट्रायकर होता. १९६५-६६ च्या हंगामात डनफर्मलिन या स्कॉटिश क्लबकडून त्याने ४५ गोल केले. त्यातले ३१ लीगमधले. १९६७ मध्ये रेंजर्सने त्याच्यासाठी ६५,००० पौंड मोजले. दोन स्कॉटिश क्लबांमधल्या व्यवहारासाठी तेव्हा हा विक्रमच होता. रेंजर्समध्ये मात्र जम बसला नाही, हे खरं.

‘काहीच जिंकलं नव्हतं’ हे तर अ‍ॅबर्डीनकरांसमोर बोलूच नये! अ‍ॅबर्डीन या स्कॉटिश क्लबचे प्रशिक्षक असताना त्यांनी जिंकलं ते असं : १९८०, १९८४ आणि १९८५ ची लीग, चार स्कॉटिश कप, आणि ११ मे १९८३ ला गोथेनबर्गच्या पावसात रेआल माद्रिदला २-१ ने हरवून युरोपियन कप विनर्स कप. सेल्टिक-रेंजर्सची मक्तेदारी मोडून!

मजकुरातली एक गोष्ट तेवढी बरोबर आहे : १९७८ मध्ये सेंट मिरेन या क्लबने त्यांना खरोखरच काढून टाकलं होतं.