कॉलेज सोडून अंगणात

आई अंगणवाडी सेविका आहे. मागच्या महिन्यात ट्रेनिंगहून आली, पाय दाबत बसली. मी विचारलं, काय शिकवलं गं? म्हणाली, "पडद्यावर पोरं मातीत खेळत होती. आम्ही शंभर बायका खुर्च्यांवर बसून बघत होतो."

त्या वाक्यानं बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आठवल्या. नाव सगळ्यांना ठाऊक, शाळेच्या पुस्तकात एखादा परिच्छेद असतोच. पण त्या आधी राजकोटच्या महिला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही. मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. शिक्षिका घडवणारी बाई खुर्ची सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात, म्हणजे लहान पोरांच्या शाळेत गेली आणि तीन-चार वर्षांच्या पोरांपुढे जमिनीवर बसली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, मग दादरचं शिशुविहार. तिथे थांबल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती.

1945 साली, वयाच्या 53 व्या वर्षी, त्या डहाणूजवळ बोर्डीला गेल्या. सोबत त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. पुढे 1957 मध्ये, पासष्टीला, कोसबाडच्या टेकडीवर. म्हणजे ज्या वयात सेविकेला घरी बसवतात त्या वयात!

कोसबाडला वारल्यांची पोरं शाळेत येईनात. का येईनात? मोठी पोर धाकट्याला कडेवर घेऊन फिरायची, पोरगा गुरांमागे जायचा. यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'पालकांमध्ये जागृती नाही'. या बायकांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे पोरीची कड मोकळी झाली. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा नेली. आणि बालवाडी भरवली पाड्यावरच्या अंगणात. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी. माँटेसोरीची महागडी साधनं कुठून आणणार? शिंपले, बिया, पानं, खडे. मोजायला तेच, लावायला तेच. 1975 ला सरकारची अंगणवाडी आली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

आणि तिथे तयार होणाऱ्या बालसेविका? त्या पोरांमध्ये राहूनच शिकल्या. हॉलमध्ये बसून शिकायची ही विद्याच नाही, असं माझं ठाम मत आहे. रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बाकीच्या वीसजणांना गाणं म्हणायला लावणं पडद्यावर बघून येत नाही.

आईचं बघा. मोबाईलमध्ये पोषण ट्रॅकर (नोंदींचं सरकारी ॲप), कपाटात रजिस्टरं, दारात गरोदर बायका, वजनकाटा, खिचडी. पर्यवेक्षिकेच्या बीट मीटिंगला विचारतात, नोंदी पूर्ण का? पोरं काय शिकली, हे क्वचितच. पगाराला पगार म्हणायचं नाही, 'मानधन' म्हणायचं. (मान किती, धन किती, ते सेविकांनाच विचारा.) नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा पायाचा टप्पा मानलाय. चांगलंच आहे. पण पाया रचणारीला शिकवायला कोण येतं? स्लाईड.

आईला विचारलं, तू ट्रेनिंग दिलंस तर कसं देशील? हसली. म्हणाली, "बायकांना माझ्या अंगणवाडीत आणीन, सोमवारी. सोमवारी पोरं फार रडतात."