फुलून गेल्यावर आलेली नोटीस

रिकाम्या प्लॉटवरचं गाजरगवत कमरेएवढं झालं की मग पालिकेची नोटीस! मालक मुदत संपता संपता ग्रास कटर फिरवून घेतो, फोटो जोडतो, प्रकरण बंद. पुढच्या पावसात तेच रान पुन्हा उभं.

अहो, नियमात उंची कशाला मोजता? फुलोरा बघा! गाजरगवत उगवल्यापासून साधारण महिन्याभरात फुलायला लागतं, तेव्हा ते बऱ्याचदा गुडघ्यालाही लागत नाही. एका जोमदार झाडाला 10 ते 25 हजार बिया. वाऱ्याने, पाण्याने, टायरच्या चिखलातून त्या पसरतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. बी धरल्यावर कटर मारणं म्हणजे प्लॉटभर पेरणी करणं. आणि बुंधा जमिनीतच राहिला तर फुटवे येतात, ते बुटकेच असताना फुलतात, म्हणजे उंचीच्या नियमाला सापडतच नाहीत.

उपटायचं ते फुलण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क घालूनच. यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्यामुळे कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं, परागांनी दमा चाळवतो. मजुरांना उघड्या हातांनी यात उतरवणं तर अक्षम्य आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फेरी लागतेच, कारण सगळं बी एकदम उगवत नाही. ही दुसरी फेरी कुठल्या नोटिशीत असते? बी धरलेली झाडं खताच्या खड्ड्यात टाकू नका. आणि मोकळी झालेली जमीन उघडी ठेवू नका, तिथे टाकळा पेरा. तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो.