पोरं भिजली म्हणून आजारी पडत नाहीत हो!

गणपती महिन्यावर आले आणि आमच्या वाडीच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागला, की पोरं पागोळीखाली भिजतात म्हणून आजारी पडतात, ताप उतरला की लागण संपली, सॅनिटायझर चोळलं की झालं, पूर्वीच्या पोरांना असलं काही होत नव्हतं, हल्लीच्या आयांना मुलं सांभाळता येत नाहीत. हे शेवटचं वाचून गप्प बसवेना.

आधी भिजण्याचं. सर्दी-तापाचे विषाणू पावसातून पडत नाहीत, माणसाकडून माणसाला येतात. शेतातल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो तो वेगळा. पाऊस लागला की दारंखिडक्या बंद, गणपतीत तर एका घरात वीस-पंचवीस माणसं आणि सगळी पोरं माजघरात ओळीने एकाच जाजमावर, मग लागणार नाही तर काय.

गेल्या वर्षी मुंबईहून आलेल्या पुतण्याला गाडीत जरा कणकण होती, दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. त्याची लाल पिपाणी पाच पोरांच्या तोंडातून फिरली, लाळेने ओली, खळ्यात पडली की चड्डीला पुसायची आणि परत तोंडात. गौरी गेल्या त्या दिवशी माझी दोन वर्षांची लेक मोदक तोंडात घेईना, नुसती रडत होती, बघितलं तर जिभेवर फोड, संध्याकाळपर्यंत तळहातांवर, तळपायांवर. डॉक्टर म्हणाले हँड फूट माउथ. ती एकदाही भिजली नव्हती.

यात पुतण्याचा काय दोष, आणि त्याच्या आईचा तरी? या वयात सगळं तोंडात घालूनच कळतं, नाक बाहीलाच पुसलं जातं. आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण पहिल्या काही महिन्यांत ओसरतं, मग प्रत्येक जंतू शरीराला नवाच, म्हणून लहान मुलाला वर्षाला ६ ते ८ वेळा सर्दी होते, ती नॉर्मलच.

ताप उतरला की संपलं, हे तर साफ चूक. हँड फूट माउथचा विषाणू बरं झाल्यावरही शीतून कितीतरी आठवडे बाहेर पडत राहतो. कांजिण्या तर पुरळ यायच्या १-२ दिवस आधीपासूनच लागतात, म्हणजे तुम्हाला कळेपर्यंत पोर सगळ्यांच्या मांडीवर बसून आलेलं असतं.

सॅनिटायझर हँड फूट माउथच्या विषाणूवर आणि उलट्या-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर नीट चालत नाही. शी धुतल्यावर साबण-पाणीच, २० सेकंद.

आणि पूर्वी काही होत नव्हतं? माझ्या आजीची दोन मुलं गोवराने गेली. गोवराची लस सरकारी लसीकरणात १९८५ ला आली, त्याआधी वाडीत एकाला झाला की घरोघरी. लस नसेल तर गोवर झालेलं एक पोर १२ ते १८ जणांना देतं.

यंदा मी प्रत्येक पोराला वेगळ्या रंगाची पिपाणी आणणार आहे आणि न्हाणीच्या दारात साबण, खाली छोटं स्टूल. निघताना कुणाच्या पोराला कणकण असली तर फोनवर आधी सांगा, त्याची झोपायची सोय पडवीतल्या खोलीत करते, आणि कुणी काही बोललं तर मी आहे.