सायकलच्या टपावरचं ऊन

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: टपावर सोलर पॅनल असलेली ई-सायकल घ्या आणि इडली, वडापाव विका, ‘गॅस नको, वीजबिल नको, लायसन्स नको’. सोबत हसऱ्या विक्रेत्याचा फोटो.

आधी गॅस, कारण सगळ्यात मोठी थाप तीच. एक चौरस मीटरचं पॅनल कडक उन्हात जेमतेम २०० वॅट देतं. दिवसभर सावली पडली नाही, तर पाऊण ते एक युनिट. १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरमध्ये सुमारे २४० युनिट उष्णता असते. शेगडीत निम्मी वाया जाते असं धरलं, तरी एका सिलिंडरची बरोबरी करायला पॅनलला चार-पाच महिने लागतील. वडे तळणाऱ्याला सिलिंडर किती दिवस पुरतो, ते गाडीवर विचारून बघा.

वीजबिल वाचेल, पण किती? भरलेल्या सायकलला किलोमीटरमागे २५ वॅट-तास धरले, तर १५ किलोमीटरला अर्धं युनिटही लागत नाही. प्लगवर चार-पाच रुपयांचं काम. तेवढ्यासाठी दहा-बारा किलोचं पॅनल वाहायचं, आणि तेही बिनउन्हाचं! मुंबईतले सायकलवाले इडलीअण्णा पहाटे घरीच इडल्या वाफवून भोंगा वाजवत निघतात. ऊन तापेपर्यंत पातेली रिकामी. सायकलवर चहा विकणारे तर रात्रीचे. (जुलैबद्दल बोलायलाच नको.) २००८ साली दिल्लीच्या चांदणी चौकात सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेची ‘सोलेकशॉ’ ही सौर सायकलरिक्षा आली, तेव्हा तिच्या बॅटऱ्याही वेगळ्या सौर केंद्रावर चार्ज व्हायच्या. ज्याच्या खोलीतला मीटरच दुसऱ्याच्या नावावर आहे, त्याने बॅटरी कुठे लावायची? यावर फॉरवर्ड गप्प.

‘लायसन्स नको’ हे आरटीओपुरतं. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की साधारणपणे नोंदणी लागत नाही. विक्रीचं प्रमाणपत्र मात्र २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली फिरत्या विक्रेत्यालाही लागतं. ते नसेल, तर अतिक्रमणवाले सायकल पॅनलसकट उचलतील.

मोटरबद्दल माझी काही तक्रार नाही. तीस-चाळीस किलो ओझं घेऊन पुलाचा चढ चढणाऱ्याचे गुडघे तीच वाचवते. पैसे असतील तर आधी ती आणि एक जास्तीची बॅटरी घ्यावी. पॅनल घ्यायचंच असेल तर घराच्या पत्र्यावर.