हवेने ढकललं, प्रकाशाने पाहिलं

लेसिक, म्हणजे डोळ्याचं लेसर ऑपरेशन, करून चष्मा घालवायचाय अशा मुलामुलींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, आता डोळ्याला हात न लावता नुसत्या प्रकाशाने कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, मजबुती थेट मोजतात. कॉर्निया जाड असला की काळजी नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की डोळा जन्मभरासाठी पास. कॉर्निया तपासणाऱ्या अशाच मशीनसमोर मी दिवसभर लोकांच्या हनुवट्या टेकवतो, म्हणून लिहितोय.

‘नुसत्या प्रकाशाने’ हेच आधी घेऊ. कॉर्व्हिस एसटी नावाचं मशीन डोळ्यावर हवेचा फवारा मारतं. पेशंट दचकतो, “सांगायचं तरी!” म्हणतो. सांगितलेलं असतंच, पण तोवर काम उरकलेलं असतं. सेकंदाला ४,३०० हून जास्त फ्रेम्स टिपणाऱ्या कॅमेऱ्याने निळ्या प्रकाशात कॉर्नियाचा छेद पकडलेला असतो. सावकाश चालवून बघितलं, तर घुमट आधी सपाट होतो, मग वाटीसारखा आत जातो, जरासा थरथरतो आणि पुन्हा सपाट होत वर येतो. सगळा खेळ साधारण ३० मिलिसेकंदांचा. आंबा दाबून बघितला तो हवेने. प्रकाशाने फक्त बघ्याची भूमिका केली.

‘थेट’ हा शब्द मला जास्त खटकतो. मशीन मोजतं ते कॉर्निया किती दबला आणि किती वेगाने परतला एवढंच. कडकपणा हा त्यावरून मांडलेला हिशेब, आणि त्या हिशेबात डोळ्याचं प्रेशर लुडबुड करतं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा ठासून भरा, झिजलेलं रबरही अंगठ्याला टणक लागेल. तसंच प्रेशर जास्त असलेल्या डोळ्यात कमजोर कॉर्नियाही कमी दबतो. उलटंही होतं: लेसिकने कॉर्निया पातळ झाल्यावर प्रेशर मोजणारा गोल्डमन टोनोमीटर ते बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. (लेसिक झालंय हे डोळ्याच्या प्रत्येक डॉक्टरला सांगा, वीस वर्षांनीसुद्धा.)

हवाही न लागणारं एक तंत्र आहे, ते ब्रिल्वाँ मायक्रोस्कोपी. लिओं ब्रिल्वाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये मांडलेल्या परिणामावर ते चालतं. कॉर्नियाच्या आत सतत चाललेल्या सूक्ष्म कंपनांवरून विखुरताना प्रकाशाची वारंवारता किंचित सरकते, लाखात एक-दोन भाग इतकीच. केरॅटोकोनसमध्ये, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येणाऱ्या आजारात, शंकूच्या जागी हा आकडा घटलेला दिसतो, आणि ते खरोखर कामाचं आहे. पण त्यातून निघतो तो दाबून घनता बदलण्याला होणारा विरोध, गिगापास्कलच्या (दाबाचं फार मोठं एकक) घरातला. बोटाने दाबल्यावर जाणवतो तो कडकपणा त्याच्या हजारो पटींनी कमी असतो. शिवाय कॉर्नियात पाणी वाढलं तरी आकडा हलतो. २०१८ पासून या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत उघड वाद झालाय. ग्रुपवर मात्र सगळं ‘थेट’.

जाडीचं थोडक्यात. कॉर्नियाची मधली जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. पण ताकद कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांच्या विणीत असते, आणि ती वीण पुढच्या भागात सर्वांत घट्ट. लेसिकचा फ्लॅप, म्हणजे वरचा पातळ पापुद्रा, कापला जातो तो नेमका तिथेच, आणि एकदा कापलेला फ्लॅप पहिल्यासारखा भार पुन्हा उचलत नाही. जाड पण सैल विणीची सतरंजी कुणाच्या घरात नाही? सुरुवातीच्या केरॅटोकोनसमध्ये जाडी नॉर्मल असू शकते. म्हणूनच आकार, जाडी आणि हवेला मिळालेला प्रतिसाद एकत्र वाचतात.

राहिलं ‘जन्मभरासाठी पास’. रिपोर्ट त्या दिवसाचा असतो. केरॅटोकोनस बहुतेकदा किशोरवयात किंवा विशीत डोकं वर काढतो, आणि डोळे चोळण्याशी त्याचं नातं अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. कुठल्याच मशीनच्या आकड्यात ही सवय उतरत नाही. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन बाकावर बसलेला मुलगा मुठीने डोळे रगडत असतो. मी त्याला आधी विचारतो, “खाज किती दिवसांपासून आहे रे?”