अडकित्त्याचा सौदा

लिलाव म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवायला जाऊ नये. माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघायचे तेव्हा मला खांद्यावर घेऊन जायचे. समोर गुळाच्या रव्यांची थप्पी, भोवती माणसांचं कडं आणि हा गलका. कोण बोलतोय, किती बोलतोय, सगळं डोळ्यांपुढं. त्यामुळं आता भाचा म्हणाला, "मामा, माळ्यावरचं जुनंपानं ऑनलाइन लिलावात टाकूया," तर मी म्हटलं, त्यात काय, आमच्या घरचाच धंदा!

माळ्यावर तीन कंदील, एक बिनझाकणाचा फिरकीचा तांब्या आणि आजोबांचा अडकित्ता निघाला. अडकित्ता मात्र बघण्यासारखा. घोड्याच्या मानेसारखी वळलेली पितळी मूठ, डोळ्याच्या जागी एक बारीकसा खिळा, लोखंडी पातं झिजून चंद्रकोरीसारखं झालेलं. सांध्यात कातावलेला काळपट थर. नाकाशी धरला तर अजून सुपारीचा वास येत होता. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली.

"ईबेवर १९९५ साली पहिली वस्तू काय विकली गेली माहीत आहे का?" भाच्यानं विचारलं. "मोडका लेझर पॉइंटर. चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंटला. मालकानं घेणाऱ्याला विचारलं, बाबा, हा मोडकाय, कळलंय न्हवं? तर तो म्हणाला, मी मोडकेच गोळा करतो."

ही गोष्ट ऐकली आणि मी रात्रभर तीन कंदिलांचा हिशोब करत पडलो.

सकाळी उठून बघतो तर आईनं अडकित्ता चिंच-मीठ लावून घासून ठेवलेला. नवरदेवासारखा चमकत होता. भाच्यानं कपाळावर हात मारला. शौकिनांना म्हणे तो काळपट थरच हवा असतो. जुनेपणाचा दाखला तोच. घासलं की भाव पडला. आई म्हणाली, "घाण भांडं कोण पैसे देऊन घेतंय रं? तुझ्या त्या गिऱ्हाइकाला आई न्हाई काय?"

फोटो काढले, मजकूर लिहायला बसलो. आता आपल्याकडं जुनी वस्तू म्हटली की ती शाहू महाराजांच्या काळातली असते, यात विचार करण्यासारखं काही नाही. तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी परदेशातून एकाची चौकशी आली, पाठवाल का म्हणून. मी हरखलो, पण भाचा गप्प. महाराज १९२२ साली गेले, म्हणजे वस्तू शंभराच्या वर गेली. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची कलाकुसरीची जुनी वस्तू तुम्हा-आम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे भावासाठी वय वाढवायचं आणि पार्सलसाठी कमी करायचं! स्थळं बघताना आमच्या थोरल्या आत्याची जन्मतारीख अशीच पुढं-मागं होत होती. शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "माझ्या लग्नानंतर मामंजींनी लक्ष्मीपुरीतनं आणला की. मीच हुतो संगं."

महाराज मजकुरातून गेले. चौकशीवालाही गेला.

मी बोली पाच हजारांपासून ठेवली होती. सात दिवस. पहिल्या दिवशी बघणारे सहा, तिसऱ्या दिवशी एकवीस, बोली शून्य. खासबागेत कुस्तीला जमावं तशी माणसं नुसती कडेनं बसलेली, आखाड्यात कुणी उतरेना. मेसेज मात्र येत होते. 'फायनल किती?' अरे, लिलाव आहे, फायनल किती ते तूच सांगायचं आहेस! एकानं विचारलं, 'सुपारी कातरून व्हिडिओ टाका.' टाकला. त्यावर तो म्हणाला, 'खांड जाड पडतंय.'

आठवडा फुकट गेला. मग भाच्याचं ऐकून नव्व्याण्णव रुपयांनी सुरुवात केली. कमी भावानं माणसं आत येतात, एकदा बोली लावली की त्यांना ती वस्तू आपलीच वाटायला लागते आणि मग मागं हटणं जड जातं. खरंच, दुसऱ्याच दिवशी चारशेवर गेला. तिथं मात्र पाच दिवस ठप्प. एकदा मनात आलं, मेहुण्याला सांगून दोन बोल्या लावाव्यात. भाचा म्हणाला, तसलं केलं की खातंच बंद करतात. मार्केट यार्डात असा एखादा पाव्हणा उभा असायचाच, हे मी त्याला सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी रात्री नऊला लिलाव संपणार होता. आठ अठ्ठावन्नपर्यंत चारशे दहा. मी ताटावरून उठलो नव्हतो, तांबड्या रश्श्यात भाकरी तशीच. आणि शेवटच्या चाळीस सेकंदांत दोघं कुठून तरी उगवले. सहाशे, साडेआठशे, हजार, बाराशे साठ! आईला वाटलं मला ठसका लागलाय.

घेणाऱ्याचा पत्ता आला. मंगळवार पेठ, कोल्हापूर.

मी शिवाजी पेठेत. पोस्टाचा खर्च हिशोबात धरून पोतं, सुतळी, जुने पेपर आणून ठेवलेले. त्याचाच मेसेज आला, 'पार्सल कशाला, येतो की घरी.' दुसऱ्या दिवशी गाडी दारात. पन्नाशीचा गडी, पान खाऊन ओठ लाल. अडकित्ता हातात घेऊन उलटसुलट केला, खिशातून अख्खी सुपारी काढून कातरली, अर्धी आईला दिली आणि म्हणाला, "काका, बाराशेला करा की. साठ रुपये सोडा."

"अहो, बोली तुमचीच आहे!"

"ती शेवटच्या मिनटाला हात घसरून गेली."

आईनं चहा आणला. साठ रुपये सुटले. जाताना बिनझाकणाचा तांब्याही तिनं त्याच्या पिशवीत घातला, म्हणे, "ह्याला कळतंय वस्तूतलं."

संध्याकाळी त्याचा शेरा उमटला. पाचपैकी चार तारे. 'वस्तू चांगली, पण घासलेली. चहात साखर कमी.'

आईला वाचून दाखवला. तिनं चष्मा वर केला. "गुळाचा चहा हुता म्हणावं त्याला. तिथंच लिही खाली."

ते कुठं लिहायचं, हे मी आठ दिवस शोधतोय. भाचा फोन उचलत नाही.