"तुमच्यावर विश्वास आहे की ओ सर, दुसरा माणूस कशाला?"

गेल्या शनिवारी आमच्या स्काऊट पथकाचं एका रात्रीचं शिबिर मी ऐनवेळी रद्द केलं. तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे चाललंय ते बघून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, कारण ग्रुपवर चार ओळीत हे सांगता येत नाही आणि फोनवर एकेकाला सांगत बसलो की माझाच आवाज चढतो.

झालं असं. चोवीस पोरं. सोलापूरहून तुळजापूर रोडला हिप्परगा तलावाच्या अलीकडं एका ओळखीच्यांचं शेत आहे, तिथं तंबू टाकायचे, संध्याकाळी गाठी आणि लॅशिंगचा (म्हणजे दोरानं लाठ्या एकमेकींना बांधायचा) सराव, रात्री शेकोटी, सकाळी माग काढायचा खेळ आणि दुपारपर्यंत परत, एवढा साधा बेत. तीन वाजता शाळेच्या ग्राउंडवर सगळी हजर. गणवेश इस्त्रीचा, स्कार्फ नीट, लाठ्या, पाठीवर सॅक, प्रत्येकाच्या फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. टेम्पो उभा. आणि माझ्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या लीडरचा फोन आला की रात्रीपासून ताप आहे, डॉक्टरांनी डेंग्यूची टेस्ट करायला सांगितलीय. मी पाच जणांना फोन लावले. एकजण लग्नाला पुण्याला, एकाची दुसरी पाळी, एक उचलेना. चार वाजता मी शिट्टी मारून पोरांना गोल उभं केलं आणि सांगितलं, आज रात्रीचं शिबिर होणार नाही.

पोरांचे चेहरे मी काय सांगू तुम्हाला. सहावीतला एक तर तिथंच मातीत बसला. पहिल्यांदा घराबाहेर झोपणार होता तो.

सोडायला आलेले एक पालक, ज्यांचा थोरला पण माझ्याच हाताखाली शिकून गेला, ते पुढं आले आणि म्हणाले, "सर, तुमच्यावर विश्वास आहे की ओ आमचा. दहा वर्षं बघतोय तुम्हाला. दुसरा माणूस पाहिजेच कशाला?" बाकीच्यांनी पण माना डोलावल्या. कुणी वाईट बोललं नाही, सगळे प्रेमानंच बोलत होते, आणि म्हणूनच त्या वाक्यावर मला तिथं पटकन उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आता देतोय.

आमच्या पथकाचा नियम आहे, पोरं रात्री बाहेर राहणार असतील तर किमान दोन मोठी माणसं, दोघंही पालकांच्या माहितीतली आणि पथकात नाव नोंदवलेली. कुठल्याही पोराबरोबर कुठलाही लीडर बंद जागेत एकटा असणार नाही. लीडरचा तंबू वेगळा. पोराला वैयक्तिक मेसेज नाही, जे काय ते पालक असलेल्या ग्रुपवर. पाण्यात कुणी उतरायचं नाही, मग तो तलाव असो, विहीर असो नाहीतर गुडघाभर ओढा, जोपर्यंत पोहता येणारा माणूस काठावर दोर घेऊन उभा नाही. एप्रिल मे मध्ये मैदानावर दुपारी काही नाही, सोलापूरचं ऊन आपल्याला माहितीय. हे सगळं कागदावर लिहिलेलं आहे आणि दरवर्षी जूनमध्ये पालकांची सही घेतो. सही सगळे करतात, वाचत किती जण असतील हे शनिवारी कळलं.

आता ह्यातला पहिला नियम कुठनं आला ते सांगतो, जे मी आजपर्यंत कुठं लिहिलं नव्हतं.

२००९ च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका पथकात मदतीला जात होतो. तरुण होतो, उत्साह लई. शिबिर संपलं की शेवटची दोन तीन पोरं राहायची, त्यांना मी एकेक करून माझ्या गाडीवर घरी सोडायचो, कधी रात्रीचे दहा वाजायचे. एकदा एका पोराला ताप आला म्हणून रात्रभर माझ्याच खोलीत झोपवला, कपाळावर पट्ट्या ठेवत बसलो. काही चुकीचं केलं नाही, उलट सगळ्यांनी कौतुकच केलं. त्याच पथकात अजून एक स्वयंसेवक होता. सगळ्यांचा आवडता, गोष्टी काय सांगायचा, शेकोटीला तो असला की पोरं हलायची नाहीत. तो रात्री पोरांना एकेकट्याला तंबूत बोलवायचा, पाय दाबायला. आपल्याकडं थोरांचे पाय दाबणं म्हणजे सेवा, त्यामुळं कुणाला खटकलं नाही. मला एकदा खटकलं, मी विचारलं, तर तो हसून म्हणाला, तुम्ही पण नेता की पोरांना एकट्याला गाडीवर, तुमच्या खोलीत पण झोपतात की.

मी गप्प बसलो. त्याच्यापुढं बोलायला माझ्याकडं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर एका पोरानं यायचं बंद केलं. हुशार पोरगा, क्लोव्ह हिचची गाठ डोळे मिटून बांधायचा. दोन महिन्यांनी त्याच्या आईनं सांगितलं, तो म्हणतो त्या सरांच्या तंबूत मला जायचं नाही. एवढंच म्हणाला तो, त्याच्या पुढं काही बोलला नाही, आणि आम्ही पण नीट विचारलं नाही. घरच्यांना बोभाटा नको होता, पोराचं नाव होईल म्हणून. पथकातल्या मोठ्यांनी त्या माणसाला बाजूला घेऊन सांगितलं, उद्यापासून येऊ नका. तो गेला. आणि वर्षभरातच कळलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलांच्या सुट्टीतल्या वर्गात शिकवतोय. त्या लोकांना आमच्यातल्या कुणीच काही कळवलं नव्हतं. मी सुद्धा नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

म्हणून सांगतो, त्या पालकांचं वाक्य ऐकून माझ्या पोटात खड्डा का पडला. "तुमच्यावर विश्वास आहे" हे वाक्य त्या माणसाला पण सगळे म्हणायचे. अगदी ह्याच शब्दात. चांगल्या माणसासाठी नियम एकदा वाकवला की ती वाट सगळ्यांसाठी मोकळी होते, आणि त्या वाटेनं पुढं कोण येणार हे पोरांच्या हातात नसतं. मी रात्री एकटा चोवीस पोरं घेऊन गेलो असतो तर काहीही झालं नसतं, हे मला पक्कं माहितीय. पण पुढच्या वर्षी माझ्या जागी जो कोण येईल तो म्हणेल, आधीचे सर नेत होते की एकटे. तेव्हा तुम्ही त्याला कुठल्या तोंडानं अडवणार?

अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संघटनेचं काय झालं ते बघा. स्काऊटिंग म्हणजे तिथं घरोघरी, बाप पण स्काऊट, पोरगा पण स्काऊट. पोरांशी वाईट वागलेल्या स्वयंसेवकांच्या फाइली ती संघटना कित्येक दशकं आपल्याकडं गुप्त ठेवत होती. माणसाला काढायचं, पण बऱ्याचदा पोलिसांना सांगायचं नाही, गावात बोलायचं नाही. आम्ही इथं जे केलं तेच, फक्त तिथं कपाटं भरली होती. त्यातल्या हजारो पानांच्या फाइली २०१२ मध्ये कोर्टाच्या आदेशानं लोकांपुढं आल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटनेनं दिवाळखोरीचा अर्ज केला, ८२ हजारांहून जास्त लोकांनी लहानपणी अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले, आणि भरपाईचा आकडा जवळजवळ अडीच अब्ज डॉलरवर गेला. मोठ्या दोन माणसांचा नियम त्यांच्याकडं आधीपासून होता, पण १ ऑक्टोबर २०१८ पासून तो अजून कडक केला, दोघंही नोंदणी केलेले आणि वय २१ किंवा त्याहून जास्त, शिबिरच नाही तर साध्या मीटिंगला सुद्धा. इतकी पोरं पोळल्यावर.

आपल्याकडं २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, पोरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठी केलेला. त्याच्या कलम १९ प्रमाणं पोरावर अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होऊ शकतो अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवावंच लागतं, आणि घडलेलं माहीत असून कळवलं नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे. बोभाटा नको, समजून सांगू, बाजूला घेऊ, हे आता चालत नाही आणि चालू पण नये. १०९८ हा अडचणीतल्या पोरांसाठीचा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आमच्या प्रत्येक पोराला पाठ आहे, गाठींच्या आधी तो शिकवतो.

काही जण ग्रुपवर म्हणाले, एवढे नियम असतील तर स्वयंसेवक येणार कोण. हा प्रश्न खरा आहे आणि मला रोज छळतो. शाळेत स्काऊट मास्तर कोण होतो? जो नवीन आला तो. त्याच्याकडं आधीच निवडणुकीचं काम, सर्व्हेचं काम, ऑनलाइन माहिती भरायचं काम, त्यात हे गळ्यात पडतं. सात दिवसांचा बेसिक कोर्स करून पण काही शिक्षक मनापासून करतात, त्यांना माझा नमस्कार. पण बऱ्याच ठिकाणी पथक २६ जानेवारीला संचलनात दिसतं आणि नंतर गणवेश पेटीत जातो. बाहेरनं येणारा स्वयंसेवक तर अजून दुर्मिळ. पगार नाही, मानधन नाही, गणवेश पण स्वतःच्या पैशाचा, रविवारची झोप गेली, आणि वर कुणीतरी फॉर्म भरा म्हणतो. माणसाला अपमान वाटतो. मला पण वाटला होता सुरुवातीला. पण जो माणूस "माझ्याबरोबर दुसरा कशाला" म्हणून नियमावर रुसून जातो त्याला मी परत बोलवायला जात नाही, कितीही गुणी असला तरी. माणसं कमी असतील तर शिबिरं कमी करू. नियम कमी करून शिबिरं वाढवायची नाहीत.

सह्यांचं पण तेच. स्काऊटच्या पायऱ्या म्हणजे प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार, ही चढण कित्येक वर्षांची आहे आणि प्रत्येक पायरीवर लीडरची सही लागते. वरच्या पुरस्कारांना दहावीला वाढीव गुण आहेत, त्यामुळं नववीत आलं की पालक लॉगबुक घेऊन येतात, सर तेवढी प्रथमोपचाराची सही द्या, क्लासमुळं जमलं नाही. मी देत नाही. पोराला त्रिकोणी पट्टी बांधता येत नसेल आणि मी येते म्हणून सही केली तर त्याच्यादेखत मी खोटं बोललो. आणि स्काऊटचा पहिलाच नियम काय, तर स्काऊट विश्वसनीय असतो. त्या पोराला मी हा नियम परत कसा शिकवू?

शनिवारचं पुढं काय झालं ते राहिलंच.

मी शिबिर रद्द केल्याचं सांगितलं आणि खरं तर पुढं काय करायचं मला सुचत नव्हतं. आमचे चार पेट्रोल लीडर, म्हणजे पोरांच्या टोळ्यांचे पुढारी, आपापसात काहीतरी बोलत होते. स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनं १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हापासून ही पद्धत आहे, पोरांच्या छोट्या टोळ्या करायच्या आणि त्यांचा पुढारी पोरांतलाच. आमच्या टोळ्यांत घरी तेलुगू बोलणारी आहेत, कन्नड आहेत, उर्दू आहेत, मराठी आहेत, भांडण झालं की चार भाषांत होतं. तर त्यातली आठवीतली दोन पोरं माझ्याकडं आली आणि म्हणाली, सर, रात्री राहायचं नाही ना, मग सातपर्यंत इथंच ग्राउंडवर बिनभांड्यांचा स्वयंपाक करू का, पालक आहेतच की. मी म्हटलं करा. त्यांनीच टेम्पोवाल्याकडनं लाकडं उतरवून घेतली, तीन विटांच्या चुली झाल्या, वांगी आणि बटाटे निखाऱ्यात गेले, कांदे मातीचा लेप लावून भाजले, आणि तो मातीत बसलेला सहावीतला पोरगा चुलीत फुंकर मारून मारून डोळे लाल करून घेत होता. सहा सात पालक थांबले. ज्यांनी मला तो प्रश्न विचारला ते पण थांबले, त्यांनी भाजलेलं वांगं शेंगाचटणीबरोबर खाल्लं, माझ्याशी फार बोलले नाहीत. अजून थोडे नाराज आहेत. असू दे. पाणी ओतून चुली विझवल्या, राख उचलली, झेंडा उतरवला, सव्वासातला प्रत्येक पोरगं कुणाबरोबर गेलं त्याची सही वहीत घेतली.

आता काम काय आहे ते सांगतो. शिबिर परत लावायचंय, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आधी, डिसेंबरमध्येच, कारण जानेवारीत यात्रेच्या गर्दीत सेवेला आमची पोरं असतात आणि ती पण जोडीनंच, एकटं कुणी नाही. दोन लीडर मी धरले होते, एक आजारी पडला आणि सगळं बसलं, ही माझी आखणी कच्ची होती. चार माणसं पाहिजेत. पुढच्या वर्षी गाईडचं पथक काढायचं मनात आहे, पोरींच्या आया दोन वर्षं मागं लागल्यात, पण त्यासाठी दोन बायका पुढं आल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. शिक्षक असायची गरज नाही. विडी कारखान्यात जाणारी आई चालते, यंत्रमागावरचा बाप चालतो, कॉलेजात जाणारी मोठी बहीण पण चालते, फक्त कोर्स करायची तयारी पाहिजे, ओळखीच्या दोघांची नावं द्यावी लागतील, मी त्या दोघांशी बोलणार, आणि पहिले सहा महिने तुम्ही जुन्या लीडरच्या जोडीला राहणार. राग मानू नका. माझ्याबद्दल पण कुणाकडं चौकशी करायची असेल तर खुशाल करा.

रविवारी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर असतो. फॉर्म घेऊन येतो, चहा पण असेल.